खाडा

स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर आमच्याकडं दुधाच्या हिशेबासाठी असतं. एकादशी, संकष्टी, सिलिंडर कधी लावला, हे सगळं आता मोबाईलवर गेलं. दूध मात्र तिथंच राहिलं. रोज दीड लिटर. गवळी आला नाही त्या तारखेवर फुली. महिना संपला की फुल्या मोजायच्या, तेवढे खाडे वजा करायचे, पैसे द्यायचे. त्याच कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात उरेल तेवढ्या जागेत, मी गेली चौदा वर्षं पक्षी लिहीत आले. ‘परीट आला.’ ‘पावशा, पहाटे.’ ‘बगळ्याला हळद.’ घरातले आधी हसायचे. आता पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात, ते मला जास्त अवघड वाटतं.

जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेतून काढून ओळीनं पसरली, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. सगळीकडं नुसती आगमनं होती. आला, आली, पहिला दिसला, पहिल्यांदा ऐकला. कोण कधी गेला, याची एकही नोंद नव्हती. आणि मी ३२ वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेतलेली बाई! गैरहजर कोण, हेच तर रोज सकाळी लिहीत होते.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. घरामागच्या मोकळ्या जागेला आमच्याकडं परडं म्हणतात. असेल तीनेक गुंठे. एक जुना कडुलिंब, एक शेवगा, दोन पेरू, एक आपोआप उगवलेली पपई, जास्वंदीचं कुंपण, न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेलं अळू, धुण्याचा दगड आणि त्याच्या शेजारी दगडी डोण. म्हशी होत्या तेव्हा डोणीत त्यांचं पाणी असायचं. म्हशी विकल्या, दूध विकतचं सुरू झालं, पण डोण भरायची सवय काही सुटली नाही. मागं बांध, आणि बांधापलीकडं नजर जाईल तिथवर ऊस.

पक्षी बघायला म्हणून मी कधी कुठं गेले नाही. भांडी घासताना, कपडे पिळताना जे दिसलं तेवढंच माझं. निवृत्तीच्या वेळी लेकानं दुर्बीण आणून दिली, पण माझे हात कायम ओले किंवा पिठाचे, त्यामुळं ती कपाटात साड्यांखाली राहिली. चिमण्या, साळुंक्या, लालबुड्या बुलबुल, दिवसभर भांडणारे सातभाई, अळवातून फिरणारा भारद्वाज (सासूबाई त्याला कुकूडकोंबा म्हणायच्या आणि तो दिसला की हातातलं काम थांबवून हात जोडायच्या) ही सगळी घरची माणसं. त्यांची कोण नोंद ठेवतो?

नोंद व्हायची ती बाहेरून येणाऱ्यांची. त्यात पहिला मान परटाचा.

पाऊस सरत आलेला असतो, हस्त लागलेला असतो. सकाळी कपड्यांची बादली घेऊन मागं जावं, तर दगडावर कुणीतरी आधीच बसलेलं. तोंड पांढरं, छातीवर काळा रुमाल बांधल्यासारखा, पाठ राखेच्या रंगाची, आणि शेपूट सारखं वर-खाली, वर-खाली. कपडे आपटल्यासारखं. म्हणूनच कुणी त्याला धोबी म्हणतं, कुणी परीट. दगडावरून उतरून ओल्या जमिनीवर तुरुतुरु धावतो, चिलटं टिपतो, ‘चिझिक’ असं काहीतरी बोलून लाटेसारखा वर-खाली होत कुंपणापलीकडं जातो. वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. माझा पोळीचा उंडासुद्धा याहून जड असतो. आणि हा येतो हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून, मध्य आशिया-सैबेरियाकडून. माझ्या कॅलेंडरवर तो सगळ्यात लवकर आला ती तारीख २१ सप्टेंबर आणि सगळ्यात उशिरा ९ ऑक्टोबर. आमची एसटी एवढी वेळ पाळत नाही.

त्याच्या पाठोपाठ गोठ्याच्या पडक्या भिंतीवर थिरथिरा येतो. मादी असते बहुतेक, मातकट रंगाची, पण शेपूट विटकरी-नारिंगी, आणि ते हिवताप भरल्यासारखं थरथरत असतं. मग लिंबात ते हिरवट, बोटाएवढे वटवटे. ते दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. पानं हलतात, आवाज येतो, मान दुखून येते, पक्षी काही दिसत नाही. मी चार वर्षं त्यांना ‘लिंबातला आवाज’ एवढंच लिहीत होते, पुढं कुणीतरी नाव सांगितलं.

परीट दिवसा परड्यात एकटा असतो, आपल्या हद्दीत दुसरा आला तर हाकलून देतो. पण संध्याकाळी वेगळाच खेळ. सूर्य कलला की चहूकडून दोन-दोन, चार-चार परीट येतात आणि बांधापलीकडच्या उसात उतरतात. त्यांच्या मागून भिंगऱ्या येतात, त्याही उसातच. शेकडो जीव त्या पात्यांमध्ये झोपायला जातात. दिवसभर एकमेकांचं तोंड न बघणारे रात्री एका पात्यावर. ऊस तुटला की त्यांचा मुक्काम पुढच्या फडात हलतो.

ऊस तोडायलाही माणसं याच दिवसांत येतात. दसरा झाला की ट्रॅक्टर सुरू होतात. बीडकडच्या टोळ्या, जतच्या, काही सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, पोरं, सगळ्यांच्या वर पाचटाच्या कोपीसाठी लागणारे बांबू. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या शाळेचा पट फुगायचा आणि पट्टा पडला की परत मूळपदावर यायचा. या पोरांची नावं मी मस्टरला शेवटी, पेन्सिलीनं लिहायची. वरून तशी सूचना नव्हती, माझीच पद्धत. आता लिहिताना ती पेन्सिल मला बोचते.

एका वर्षी अशीच एक मुलगी आली होती. धाकटा भाऊ मांडीवर घेऊन शेवटच्या ओळीत बसायची. मी नाव पुकारायचे, कुणी ‘हजर’ म्हणायचं नाही, मी ‘गै’ लिहायचे. चार दिवस. पाचव्या दिवशी पहिलीतलं एक पोरगं म्हणालं, “बाई, ही काय हितं बसलीया की.” विचारलं तर कळलं, मुकादमानं दिलेल्या यादीत तिच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. ती बहीण गावीच राहिली होती, आजीजवळ. म्हणजे जी तीनशे किलोमीटर लांब होती तिला मी रोज हाका मारत होते, आणि जी समोर बसली होती तिला रोज गैरहजर मांडत होते. “मग तू बोलली का नाहीस?” म्हटलं, तर मान खाली घालून म्हणाली, “माझं नाव घेतलंच न्हाई तुम्ही.”

ट्रंकेतली कॅलेंडरं बघताना ती आठवायचं कारण कोकीळ. चौदा वर्षांत दर फेब्रुवारीत, कधी मार्चच्या सुरुवातीला, मी लिहून ठेवलंय, ‘कोकीळ आला.’ कुठून आला? मधल्या एका डिसेंबरातली माझीच नोंद होती: ‘पपईवर ठिपक्यांचा तपकिरी पक्षी, कावळ्याहून लहान, डोळा लाल. कोण?’ ती कोकिळेची मादी. तिच्या वरच्या फांदीत काळा नरही असणार, पिकल्या पपईवर आलेला. हिवाळाभर दोघं इथंच होते, लिंबात, पिंपळात, गावात सगळीकडं. फक्त गप्प होते. कोकीळ आमच्याकडून कुठं जात नाही, तो बोलायचा थांबतो, आणि कावळ्यांची घरटी बांधायची वेळ आली की पुन्हा तोंड उघडतो. दयाळाचंही तेच. थंडीत तो नुसता ‘चर्र’ करून उडतो, आणि मार्चमध्ये पहाटे पाचला त्याच पाण्याच्या टाकीवरून असा गातो की नवीन पाहुणा वाटावा. तेरा ‘कोकीळ आला’ मी पेन्सिलीनं खोडले आणि ‘बोलला’ केले. चौदावा २०१९ सालातला असणार, ते कॅलेंडर माझ्याकडं नाही.

त्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या परड्यात पुरुषभर पाणी, घरात छातीपर्यंत. आम्ही बारा दिवस नणंदेकडं. परत आलो तेव्हा दारामागच्या खिळ्यावर कॅलेंडर होतं, पण त्याचा एक राखाडी लगदा झाला होता. परड्यात ढोपरभर गाळ, वास, मेलेल्या कोंबड्या. जास्वंद गेली. आणि डोणीच्या काठावर खंड्या बसला होता, निळाजर्द, सगळ्या त्या घाणीत एकटाच स्वच्छ. नदीबरोबर डोणीत मासोळ्या आल्या होत्या आणि पाणी उतरल्यावर तिथंच अडकल्या होत्या. तो तीन दिवस येत राहिला, मासोळ्या संपल्या तसा यायचा थांबला. लोक सामान उपसत होते, पंचनामे चालले होते, आणि मी खराटा हातात धरून त्या खंड्याकडं बघत उभी होते. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तरी चाललं असतं. धुण्याचा दगड गाळातून मोकळा करायला सप्टेंबरअखेर उजाडली. नव्या कॅलेंडरवरची पहिली नोंद, ३० सप्टेंबर: ‘दगड धुतला. परीट आला.’

उन्हाळ्यात येणाऱ्यांचं वेगळं असतं, ते सगळे पावसाच्या अंदाजानं चालतात. मेच्या मध्यावर पावशा. चांदणं असलं तर रात्रभर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’, प्रत्येक वेळी एक पट्टी वर. सासूबाई अंथरुणातून त्याला उत्तर द्यायच्या, “बी काय तुझा बा देणार हाय?” ज्या वर्षी पाऊस लांबायचा त्या वर्षी त्या खरोखरच चिडायच्या. गायबगळ्यांच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर मेअखेरीला नारिंगी-पिवळी झाक येते. माणसांची लग्नसराई संपत आलेली असते तेव्हा यांची हळद. आणि मृगाच्या आगेमागे चातक, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडून.

चातकाबद्दल शाळेत मी पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवलं: चोच वर करून बसतो, पावसाचाच थेंब पितो. माझ्या शेवग्यावर तो येतो ते केसाळ सुरवंट खायला. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात त्या सुरवंटांची घोंगडी पसरलेली असते, त्याला हात लावायची माणसाची हिंमत नाही, आणि हा काळा-पांढरा, तुरेवाला विरही एकेक उचलून फांदीवर घासून मटकावतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा फसवल्यासारखं झालं. नंतर मात्र तो मला जास्तच आवडायला लागला. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात निळं अंडं घालून जाते, सातभाईचीही अंडी निळीच. भाद्रपदात मग बघावं, अख्खं सातभाईंचं खटलं एका परक्या पोराला भरवताना दमून गेलेलं असतं. ते पोर आपल्या खऱ्या आई-बापांना न बघताच मोठं होतं आणि थंडीच्या आधी कुणी न सांगता समुद्राकडं निघतं. तेही कधी जातं, मी लिहिलेलं नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी शाळेत पक्षी सप्ताह झाला. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा; मधला आठवडा आपल्याकडं पक्ष्यांचा. मी चौथीची पोरं घेऊन आमच्याच परड्यात आले. गावातली पोरं कावळा, चिमणी, पोपट म्हणून थांबली. कोप्यांवरची पोरं थांबेनात. व्हला, चितूर, लाव्हरी, टिटवी. लाव्हरीचं घरटं पाचटाखाली कसं सापडतं, ते एकानं हातवारे करून दाखवलं. परीट दगडावर आला तसा तो म्हणाला, “हा आमच्या गावाला बी येतो.”

“कधी येतो?” मी विचारलं. बाईपणा सुटत नाही.

“आम्ही निघायच्या टायमाला.”

मी त्या वेळी ‘शाब्बास’ म्हटलं आणि पुढच्या पक्ष्याकडं वळले. रात्री कॅलेंडरवर ते वाक्य लिहिलं. माझ्या लेखी परीट म्हणजे ही पोरं यायची वेळ. त्यांच्या लेखी तो घर सोडायची वेळ. दोन्हीकडं तोच पक्षी, शेपूट तसंच हलवणारा.

तर यंदा ठरवलं, एका पक्ष्याचं तरी जाणं पकडायचं. भोरड्या सोप्या वाटल्या होत्या, गुलाबी-काळ्या, पूर्व युरोप-मध्य आशियातून हजारांनी येणाऱ्या. जानेवारीत शाळवावर पडतात, मग काटेसावर आणि पांगारा फुलला की फुलांत तोंडं घालून कालवा करतात. पण त्यांचा थवा आज आमच्या गावात, उद्या पलूसला. त्यांना हजेरी कशी घालणार? थिरथिरा मार्चमध्ये मी चार दिवस लग्नाला गेले तेवढ्यात गेला. राहिला परीट.

येण्याची तारीख सोपी असते. दिसला, लिहिलं. जाण्याच्या दिवशी मात्र काही घडत नाही. शेवटचा दिसला तो दिवस शेवटचा आहे, हे त्या दिवशी कळतच नाही. ते चार-आठ दिवसांनी मागं वळून ठरवावं लागतं. म्हणजे रोज हजेरी घेण्यावाचून इलाज नाही. १ मार्चपासून मी चौकोनाच्या उजव्या कोपऱ्यात बरोबरची खूण करायला लागले. दिसला नाही तर फुली. कारखान्याचा पट्टा मार्चच्या मध्यावर पडला, ट्रॅक्टर गेले, कोप्यांच्या जागी काळे गोल आणि फाटकं प्लॅस्टिक उरलं. परीट अजून दगडावर होता. उलट अंगानं भरला होता, छातीवरचा काळा रुमाल रुंद आणि गडद झाला होता. जायच्या आधी हे असे नटतात.

२९ मार्च, बरोबर. ३०, बरोबर. ३१, फुली. १ एप्रिल, फुली. २, फुली. मनात म्हटलं, गेला. ३ तारखेला तो डोणीवर हजर. मग ४, ५, ६ बरोबर. ७ ला फुली. त्यानंतर दोन दिवस फुली, आणि १० तारखेपासून पुन्हा रोज बरोबर, अगदी १८ पर्यंत. एवढा उशीर कधी नसतो असं लेक फोनवर म्हणाला, पण मी कशाला ऐकते! माझ्याकडं खुणा होत्या.

१९ ला कुकरची शिट्टी होईपर्यंत वेळ होता, म्हणून कपाटातून दुर्बीण काढली. हा पाठीनं काळा होता. तोंडही काळं, फक्त डोळ्यावर पांढरी भुवई, कुणीतरी खडूनं काढल्यासारखी. अंगानंही थोडा मोठा. हा नदीवरचा, घाटावर बारा महिने राहणारा भुवईवाला परीट. पाणी आटलं म्हणून डोणीकडं सरकला असणार. नऊ दिवस मी दुसऱ्याच्याच नावावर हजेरी मांडत होते. म्हणजे आमचा गेला तो ६ एप्रिलला किंवा त्या रात्री. गेल्या काही वर्षांतल्या ‘मे महिन्यातही परीट!’ अशा ज्या दोन उद्गारचिन्हांच्या नोंदी आहेत, त्यांचाही निकाल लागला.

१० ते १८ पर्यंतच्या खुणा खोडून फुल्या केल्या. पुढंही रोज करत राहिले, न जाणो.

३० तारखेला गवळी हिशेबाला आला. चहा ठेवला होता. त्यानं सवयीनं दारामागचं कॅलेंडर पलटलं आणि बराच वेळ बोलला नाही.

“बाई, ह्या सगळ्या फुल्या?”

“त्या तुझ्या नाहीत,” मी आतून म्हटलं. “तुझी एकच, १४ तारखेची, डाव्या बाजूची. उजवीकडच्या परटाच्या.”

“कपडे परटाला टाकता व्हय आता?”

मग त्याला मागं नेलं, दगड दाखवला, डोण दाखवली, ३१ मार्चपासूनची सगळी हकिकत सांगितली. दगडावर त्या वेळी कुणी नव्हतं. त्यानं चहा संपवेपर्यंत नीट ऐकून घेतलं, कप डोणीत विसळला आणि म्हणाला, “मग त्याचं तेवढं खाडं कापून घ्या. माझं एकोणतीस दिसाचं द्या.”